माती लागतीया

आई हिंडती-फिरती होती तोवर मला चहासुद्धा करता येत नव्हता. तशी वेळच कधी आली नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आतली खोली आईची आणि बाहेरची आण्णांची नि माझी, अशी न बोलता झालेली वाटणी होती. आतून ताट यायचं, आम्ही ते रिकामं करायचं आणि पुढं सरकवायचं, एवढाच आम्हा बापलेकांचा स्वयंपाकाशी संबंध. आण्णा शिरोलीला फौंड्रीत कामाला होते. तिथल्या आवाजानं त्यांचे कान जड झालेले, त्यामुळं घरातही ते मशीन चालू असल्यासारखेच बोलायचे. नुसतं "पाणी दे" म्हणाले तरी पलीकडच्या घरातलं माणूस दचकायचं. आई मोजकं बोलायची, आणि जे बोलायची ते कुणाला बरं वाटावं म्हणून कधी बोलायची नाही. शेजारच्या काकी वाटीत कालवण घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "गिरिजाबाई, बघा जरा, कसं झालंय?" आई बोटानं चाखायची आणि सांगून टाकायची, "खोबरं करपवलंय." नाहीतर, "चिच लै झाली." काकी फणकाऱ्यानं निघून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत वाटी घेऊन दारात हजर.

आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट, कांदा-लसूण आणि सगळा मसाला घालून कांडलेलं. उन्हाळ्यात गल्लीतल्या निम्म्या घरांची चटणी आईच्या जिभेवर ठरायची. गच्चीगच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या, कांडप गिरणीच्या दारात बायका तोंडाला पदर लावून उभ्या, येणारा-जाणारा शिंकतोय, आणि त्या सगळ्या ठसक्यात आई उघड्या तोंडानं उभी असायची. गिरणीतून आलेल्या गरम चटणीची चिमूट ती जिभेवर ठेवायची, नजर कुठंतरी लांब लावायची, आणि सांगायची, "धनं कमी पडलं." त्यावर कुणी वाद घातलेला मी ऐकला नाही. तिचं माहेर संकेश्वराच्या पलीकडं. तिथं घरात कानडी. थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, ती अक्का म्हणायची आणि फार राग आला किंवा फार जीव भरून आला की तिच्या तोंडून कानडीच निघायचं. एरवी अस्सल कोल्हापुरी. आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. बाहेरच्यांना त्याचं हसू येतं. मला मात्र अजूनही 'मी करते' ऐकलं की कुणी परकी बाई बोलतेय असं वाटतं.

मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा तिच्या गळ्यात गाठ निघाली. तपासण्या, रिपोर्ट, एसटीच्या फेऱ्या, ते सगळं इथं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात ते होऊन गेलंय त्यांना सांगायला नको, आणि इतरांना ते कळायची पाळी येऊ नये. मिरजेला शेक दिले. रेडिएशन हा शब्द आमच्यात कुणी वापरलाच नाही. सगळे शेकच म्हणायचे, जणू दुखऱ्या पाठीला विटेनं शेकतात तसलंच काहीतरी. शेक संपवून ती घरी आली तेव्हा मानेची कातडी तव्याच्या बुडासारखी झालेली, आवाज घोगरा, तोंडात लाळ म्हणून नाही. मावशीनं गडमुडशिंगीहून घरच्या म्हशीचं दूध किटलीतून आणलं होतं. आईनं घोटभर तोंडात घेतलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं, मग डोळे मिटून गिळलं.

"माती लागतीया," ती म्हणाली.

मावशीनं किटली नाकाला लावली, मग स्वतः एक घोट घेऊन बघितला. दूध चांगलं होतं.

चव हळूहळू येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुणाला लवकर येते, कुणाला उशिरा. पण तोवर खाल्लं पाहिजे, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी हा शब्द ऐकल्यावर आईनं आण्णांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. पुढचे कितीतरी महिने मी त्या नजरेच्या धाकात होतो.

सुरुवातीला मावशी येऊन रांधून जायची. पण तिचं घर, म्हशी, शेत, आणि त्यात पोराचं लग्न ठरलेलं. ती तरी किती येणार? आण्णांच्या शिफ्ट होत्या. माझं कॉलेज सकाळचं, दुपारी मी मोकळा. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी आतल्या खोलीत शिरलो. आईची खाट आम्ही बाहेर, पण दाराच्या समोर लावली होती. तिथून तिला गॅस दिसायचा. तिचा घोगरा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता म्हणून हाताशी एक स्टीलची ताटली आणि चमचा ठेवला. माझं काही चुकलं की ती चमचा ताटलीवर वाजवायची. तेल तापायच्या आधी मोहरी टाकली, टण्. वळून बघावं तर ती हातानं खूण करतेय, थांब, घाई कशाला. कणीक सैल झाली, टण्. डाळीला उकळी येऊन झाकण उडायला लागलं, टण् टण् टण्. पहिल्या पहिल्यांदा माझा संताप व्हायचा. पण त्या चमच्याच्या जोरावर मी वरण-भात शिकलो, भाजी शिकलो, आणि भाकरीसुद्धा, वाकडी का होईना, तव्यावर फुगायला लागली.

आणि ती फुगायला लागली तेव्हा लक्षात आलं की याचा काही उपयोग नाही. तिखटाचा कण लागला तरी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. भाकरी घशाखाली जात नव्हती, भात टाळूला चिकटून बसायचा. आमच्या स्वयंपाकातून तिखट काढून घेतलं तर मागं राहतंय काय? मी तेव्हा एक तर्क लढवला. तिच्या ओळखीच्या चवी गेल्या असतील, पण ज्या चवी तिनं कधी घेतल्याच नाहीत त्या कशा जातील? आता माझी मुलगी फोनवर बघून कसले कसले परदेशी पदार्थ करते आणि मला चव घ्यायला हाक मारते, तेव्हा मला हा तर्क आठवतो आणि हसूही येत नाही. विशीतल्या पोराला तो फार भक्कम वाटला होता.

काकींच्या घरी दुपारी टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम लागायचा. गल्लीतल्या चार बायकांत नुकती मिशी फुटलेला मी एकटा, भिंतीला टेकून बसायचो. "शिव्याला आता नवरी नगं, चांगला नवराच बघूया," असं म्हणून त्या हसून लोळायच्या. मी तोंड घट्ट मिटून पडद्याकडं बघत राहायचो. काही दिवसांनी त्यांचं हसणं थांबलं. कार्यक्रमात आमच्याकडं न मिळणारं काही दाखवलं की त्याच आपसात विचार करायला लागल्या, याच्या बदली काय घालता येईल. कॉलेजच्या लायब्ररीत मी अकाउंटन्सीच्या पुस्तकाआड धरून बायकांची मासिकं वाचायचो. मित्र क्रिकेटला बोलवायचे, मी टोमॅटो घरी नेऊन द्यायचेत म्हणून सटकायचो.

काय काय केलं मी त्या दिवसांत! टोमॅटोचं सूप केलं, वर साय सोडून. बटाटा उकडून लोण्यात घोटला. सफरचंद शिजवून गाळून घेतलं. मैद्याच्या गुठळ्या मोडता मोडता एकदाचा पांढरा सॉस जमला आणि त्यात मॅक्रोनी घातली. व्हॅनिलाचं कस्टर्ड केलं, नाचणीचं सत्त्व केलं, पालक दुधात शिजवला. प्रत्येक वेळी वाटी घेऊन मी तिच्या खाटेशी बसायचो आणि तिच्या तोंडाकडं बघायचो. ती पहिला चमचा तोंडात घ्यायची, थांबायची, आणि मग जे असेल ते सांगायची. सूप म्हणजे "गंजका पत्रा चाटल्यागत." कस्टर्ड म्हणजे "गार माती." पांढऱ्या सॉसवर तिनं जरा विचार केला.

"चुना," ती म्हणाली. "पानाचा न्हवं. भिताडाचा."

"मग टाकून देऊ?"

"टाकतोस कशाला? भिताडाला लाव."

तरीही ती चार चमचे घ्यायची. माझ्यासाठी घेते आहे हे मला दिसायचं, पण बोलताना तिनं कधी सूट दिली नाही, आणि त्याचा मला आधार वाटायचा. एकदा शेवयांची खीर खाऊन म्हणाली, "कालची माती बरी हुती." आम्ही दोघं इतके हसलो की तिला ठसका लागला आणि मी घाबरून पाणी आणायला धावलो. उरलेलं सगळं आण्णा खायचे. संध्याकाळी शिफ्टवरून आले की हातपाय धुवून कपाळाला विभूती लावायचे आणि समोर येईल ते बिनतक्रार जेवायला घ्यायचे. मॅक्रोनीवर त्यांनी मूठभर चटणी पेरली आणि भाकरीबरोबर खाल्ली. "झ्याक झालंय की रं!" असं ओरडले, आणि ओरडताना त्यांचे डोळे आईच्या खाटेखालच्या अर्ध्या भरलेल्या वाटीवर होते.

एक दिवस मी थकून तिला विचारलं, "आई, तुला स्वतःला काय आवडतंय? आजारी पडायच्या आधी काय आवडायचं?" तिला प्रश्न समजला नाही असं वाटून मी परत विचारलं. मग म्हणाली, "ल्हानपनी अव्वा हुग्गी करायची. खपली गव्हाची." अव्वा म्हणजे तिची आई, मी कधी न बघितलेली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. मी सायकल काढून गडमुडशिंगीला गेलो आणि मावशीकडून कृती विचारून आलो. गहू ओलवून कांडायचे, कोंडा पाखडायचा, तासन् तास शिजवायचे, मग गूळ, खसखस, ओलं खोबरं. सगळा दिवस त्यात गेला. आईनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. मी पुढं झुकलो.

"हां," ती म्हणाली. मग दुसरा चमचा घेऊन बघितला. "वास आला. चव न्हाय आली."

"वास आला म्हंजे चवबी येईल की!"

"येईल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच वाटी संपवली. त्या दिवशी मी आणि आण्णा उगाचच रंकाळ्यापर्यंत चालत जाऊन आलो. नुसते चालत गेलो आणि आलो.

पुढचं सगळं त्या हुग्गीमुळं झालं, असं मला कधी कधी वाटतं. तिला उमेद आली. मावशीच्या मुलाचं, बसूचं, लग्न झालं तेव्हा आईला खाटेवरून उठवत नव्हतं. नव्या जोडप्याला घरी जेवायला बोलवायचं राहून गेलं होतं. तिनं जाहीर करून टाकलं, येत्या रविवारी त्यांना बोलवायचं, आणि पुरणपोळी.

"शिवा करंल की," आण्णा म्हणाले. "न्हायतर खानावळीतनं आणूया."

"माझ्या अक्काची सून पहिल्यांदा माझ्या घरात येनार, आनि खानावळीचं खानार? मी करतो."

त्या रविवारी सकाळी ती उठली, केस घट्ट बांधले, आणि कित्येक महिन्यांनी आतल्या खोलीत उभी राहिली. एक हात ओट्याच्या कडेला धरलेला, दुसरा कामात. डाळ शिजली, कट काढला, गूळ घालून पुरण घोटलं. वेलदोड्याचा वास गल्लीत गेला असावा, कारण काकी दारातून डोकावून काही न बोलता हसून गेल्या. पोळ्या तिनं स्वतः लाटल्या, पलीकडचं दिसेल इतक्या पातळ. हात थरथरत होते, पण पोळी लाटण्यावर घेतली की थरथर थांबायची. मी नुसता भाजत होतो आणि उलथनं हातात घेऊन बघत होतो. मग तिनं कटाची आमटी टाकली. खोबरं भाजून वाटलं, जिरं, चटणी, चिंचेचा कोळ, गूळ, आणि न बघता मुठीनं मीठ घातलं, जसं ती नेहमी घालायची. आमटीला उकळी येत होती तेव्हा तिनं मला विड्याची पानं आणायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा पाहुणे दारात चपला काढत होते.

तिनंच नंतर सांगितलं. उकळी आल्यावर सवयीनं तिनं पळीतली आमटी बोटानं चाखली. मीठ लागलं नाही. म्हणून घातलं. परत चाखली. तरी लागलं नाही.

बाहेरच्या खोलीत पंगत बसली. मावशी, बसू, त्याची बायको कविता आणि आण्णा. मी वाढायला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी, डोक्यावरून पदर घेऊन मानेचा काळा डाग झाकलेला. कविता इचलकरंजीकडची, दिसायला लहानखुरी, हिरवा चुडा अजून नवा. तिनं आल्या आल्या आईच्या पाया पडताना तिचे पाय जरा जास्त वेळ धरून ठेवले होते. मावशीनं पहिल्यांदा आमटीची वाटी तोंडाला लावली. घोट मध्येच अडला. मग तिनं तो गिळला, आणि सगळी वाटी रिकामी करूनच खाली ठेवली.

"गिरिजा, हात गेला न्हाय गं तुझा. लै झ्याक झालीया. आनखी वाढ रं शिवा."

मी वाढली. बसूनं भातावर ओतून घेतली, एक घास खाल्ला, मग मान खाली घालून भराभरा जेवायला लागला. आण्णा गप्प होते. जेवताना गप्प बसलेले आण्णा आईनं जन्मात बघितले नव्हते. ती तिथंच सावध झाली असणार. मी आत जाऊन थेंबभर आमटी तळहातावर घेतली आणि चाटली. नुसतं मीठ. समुद्राचं पाणी असतं तसं.

बाहेर आलो तर आई कविताकडं बघत होती. कविता तांब्यातून परत पाणी ओतून घेत होती.

"शिवा, आमटी कशी झालीया?" आई म्हणाली.

"चांगली झालीया."

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग आण्णांकडं. "तुमी काय गप बसलाय?"

"जेवतोय की!" आण्णा एवढ्या मोठ्यानं ओरडले की कविता दचकली. "जेवताना काय भाषण करू?"

आई चौकट सोडून पुढं आली. माझ्या हातातल्या भांड्यात तिनं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. सगळ्यांचे हात थांबले. ती तशीच उभी राहिली, नजर कुठंतरी लांब लावून, गिरणीच्या दारात उभी राहायची तशी. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती वाट बघत होती. मी मनात म्हणत होतो, आता लागंल, एवढं मीठ हाय, आता तरी लागू दे. काही लागलं नाही. तिनं बोट पदराला पुसलं आणि हळूहळू कविताच्या समोर खाली बसली.

"पोरी, तू सांग. ही सगळी माझी मानसं हाईत. ही न्हाईत खरं सांगायची."

कवितानं सासूकडं बघितलं. मावशीनं मान वर केली नाही.

"मावशी, खारट झालीया," कविता आईला म्हणाली.

"लै?"

"व्हय. खाववंना झालीया."

"बरं झालं सांगितलंस," आई म्हणाली. मग मावशीकडं वळून ती कानडीत काहीतरी म्हणाली, एकच वाक्य. मावशीनं डाव्या हातानं डोळ्यांना पदर लावला, उजवा हात ताटात तसाच खरकटा. मला कानडी येत नाही. काय म्हणाली ते मावशीनं मला फार उशिरा सांगितलं: अक्का, माझ्याशी खोटं बोलायची पाळी तुझ्यावर कधीपासनं आली?

आई उठली, कविताचा हात धरून तिला आत घेऊन गेली. आम्ही बाहेर बसून ऐकत राहिलो. आत पाणी ओतल्याचा आवाज, पळीचा आवाज, आणि मध्ये मध्ये आईचं घोगरं, "चाख." कविताचं बारीक, "अजून हाय." पुन्हा पाणी, पुन्हा थोडा कोळ, गुळाचा खडा. "आता?" "आता जरा कमी झालं." "आता?" "आता बरी हाय, मावशी." दुसऱ्यांदा आमटी वाढली गेली ती बेताची, पातळ, पण खाण्यासारखी होती. सगळे पोटभर जेवले. आईनं कविताची ओटी भरली, हसून निरोप दिला, कोपऱ्यापर्यंत बघत उभी राहिली. मग पंगतीसाठी उभी करून ठेवलेली खाट आण्णांनी परत पाडली आणि ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी तिनं ताटली आणि चमचा माझ्या हातात दिला. "ठेव जाग्यावर," म्हणाली. "आता तुला येतंय की सगळं."

मी नेटानं नवं काहीतरी करायचं म्हणून भोपळ्याचं सूप केलं. तिनं दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "चांगलं झालंय." मी वाटीकडं बघतच राहिलो. त्या दिवसापासून तिला सगळंच चांगलं लागायला लागलं. रव्याची खीर चांगली, दहीभात चांगला, उकडलेली रताळी चांगली. दोन चमचे घ्यायचे, चांगलं झालंय म्हणायचं, वाटी खाली ठेवायची. माती, चुना, गंजका पत्रा यांतलं काही म्हणशील काय एकदा, असं तिला ओरडून विचारावंसं वाटायचं. त्याऐवजी मी नवनवीन पदार्थ करत राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आण्णा उरलेलं खात राहिले. आईच्या अंगावरची चोळी ढिली होत गेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, आणि पावसाळा सरता सरता मिरजेच्या डॉक्टरांनी नळी घातली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जिच्या भीतीपायी मी एवढी भांडी खरकटी केली, ती नळी इतक्या मुकाट्यानं आली.

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा आई नव्हती. तिची चव परत आली की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण नळी घातल्यावर तिच्या जिभेला काही लागलंच नाही. त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोलत नाही. आण्णा तर हयात असेतो बोलले नाहीत. पण त्यातली एक दुपार मला सांगायची आहे.

नळीतून काय आणि कसं घालायचं ते हॉस्पिटलमधल्या सिस्टरनी शिकवलं होतं. सगळं मऊ शिजवायचं, मिक्सरला फिरवायचं, फडक्यातून गाळायचं, कोमट करून मोठ्या सिरिंजनं हळूहळू सोडायचं. तिखट-मीठ घालायची गरज नाही, फोडणी तर नाहीच, असंही त्या म्हणाल्या होत्या. मी तरी चमचाभर तुपात जिरं-हिंगाची फोडणी करायचो आणि मगच गाळायचो. का, ते मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या दुपारी मूग, तांदूळ आणि दुधी शिजवला होता. फोडणी दिली, सगळं फिरवून, गाळून पातेलं घेऊन तिच्या खाटेशी आलो. ती डोळे मिटून पडली होती. नाकाच्या शेंड्याला चिकटपट्टी, नळी कानामागून वळवून खांद्यावर आणलेली. मी सिरिंज भरायला घेतली तशी तिनं डोळे उघडले.

"काय हाय आज?"

"मुगाची खिचडी. दुधी घातलाय."

"जिरं करपलंय."

मी थबकलो. फोडणी करताना दारात दूधवाल्याची हाक आली म्हणून वळलो होतो, तेवढ्यात जिरं जरा जास्त लाल झालं होतं. "तुला कसं कळलं?"

"वास आलाय की. हितंपत्तूर आलाय."

"आई, नळीतनं जानार हाय गं," मी म्हणालो. "कुठं लागनार हाय तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पूर्वी वाटी घेऊन आलेल्या काकींकडं बघायची तसं.

"म्हनून करपल्यालं घालायचं व्हय?"

मी सिरिंज खाली ठेवली. पातेलं उचलून आत गेलो, ते सगळं मोरीत ओतलं, मूठभर मूग नव्यानं धुवून घेतले आणि गॅस पेटवला.